अंगठा यंत्रावर ठेवण्यापूर्वी वाचता आले पाहिजे

आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. शंभर घेतले तर किती लिहिले, जमीन गहाण ठेवली की विकली, हे कागदालाच ठाऊक आणि सावकाराला ठाऊक. पुढे शाळा आली, सही आली. आपल्या वाडीतला पहिला सही करणारा माणूस गावच्या कचेरीत ताठ मानेने उभा राहिला तेव्हा अख्ख्या वाडीची मान ताठ झाली. अंगठा गेला आणि सही आली, ही आपल्या समाजाच्या प्रगतीची सरळ साधी खूण होती.

आज तोच अंगठा परत आला आहे. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा. गावात पैसे काढून देणारा बँकेचा प्रतिनिधी येतो, त्याच्या यंत्रावर अंगठा. मोबाईलचे सिमकार्ड घ्यायला अंगठा. पदवीधर असो की निरक्षर, अंगठा सर्वांनाच द्यावा लागतो, त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. पदवीधर माणूस यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वाचतो आणि मग अंगठा ठेवतो. आमची म्हातारी माणसे न वाचता ठेवतात. म्हणजे कागद बदलला, सावकार बदलला, पण न वाचता अंगठा देणे तेच राहिले. हे थांबवायचे असेल तर प्रौढ शिक्षणाचा विषय आपल्याला पुन्हा हाती घ्यावा लागेल आणि तो नव्या रीतीने घ्यावा लागेल.

आपल्या मातीतली परंपरा

प्रौढ शिक्षण म्हणजे सरकारने आणलेली काहीतरी योजना, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे त्याचे मूळ फार जुने आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी रात्री दिवा लावायचा, हा साधा विचार त्यांनी केला. प्रौढ शिक्षणाचे निम्मे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

कोकणातल्या आपल्या लोकांना अक्षर भेटले ते पलटणीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झालेल्या शिपायांना आणि त्यांच्या कुटुंबातल्या मुलामुलींना छावणीत शिक्षण मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झाले आणि लेखणी हातात घेतली. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले, १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. ज्या वयात माणसे 'आता काय उरले' म्हणून बसतात त्या वयात त्यांनी समाज जागा करण्याचे काम सुरू केले. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाची ती वाटही बंद झाली. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी लष्कर आणि शिक्षण यांच्या या संबंधाकडे आवर्जून लक्ष वेधले होते.

बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे हेही होते. म्हणजे शाळेच्या वयाबाहेरच्या माणसाचा विचार बाबासाहेबांनी पहिल्या दिवसापासून केला होता. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर महाडातच त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि मुलांइतकेच मुलींनाही शिकवा, असे कळकळीने सांगितले. त्यानंतर सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, त्यात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरले. शिकणाऱ्याच्या सवडीप्रमाणे शाळेने आपली वेळ बदलायची, ही फुल्यांची रीत बाबासाहेबांनीही चालवली.

सरकारी मोहिमांनी काय केले

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने या कामात देशाला वाट दाखवली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. गावाने शिकण्याचा निश्चय करायचा, गावातल्याच शिकलेल्यांनी शिकवायचे, असे तिचे स्वरूप होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. १९९० च्या सुरुवातीला केरळातील एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर झाला आणि देशभर साक्षरता अभियानाची लाट आली. आपल्या कोकणातला सिंधुदुर्ग जिल्हाही त्या लाटेत पुढे होता. कलापथके, पथनाट्ये, तीन भागांची पुस्तिका आणि सुमारे २०० तासांचा अभ्यास, अशी त्याची बांधणी होती.

या अभियानांतून पुष्कळ माणसे शिकली, हे मान्य केलेच पाहिजे. पण शिकलेली किती अक्षरे टिकली? सही शिकली आणि बाकीचे विसरले, असे अनेकांचे झाले. त्याचे कारण माणसे मंद होती हे नव्हे. वर्ग संपल्यावर त्या अक्षरांचे करायचे काय, हे कोणी सांगितले नाही. गावात वाचनालय नाही, घरी वर्तमानपत्र नाही, चिठ्ठी लिहिणारे कोणी नाही. जे हत्यार रोज वापरात नाही त्याला गंज चढणारच.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरी नावाचे शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. १९६३ साली आंजिकोस या गावी त्यांनी सुमारे ३०० कामकऱ्यांना अवघ्या ४० तासांत वाचायला शिकवले. 'अ अननसाचा' अशी सुरुवात त्यांनी केली नाही. त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातले शब्द त्यांनी घेतले, त्या शब्दांवर चर्चा केली आणि मग अक्षरे फोडून दाखवली. आपल्यालाही हेच करायचे आहे. महाड-पोलादपूरच्या प्रौढाचे रोजचे शब्द कोणते? रेशन, पेन्शन, पासबुक, सातबारा, एस.टी., दवाखाना, विहार, भीमजयंती. आणि आता फोन.

नवी योजना आणि तिची मुदत

केंद्र सरकारची 'उल्लास' नावाने ओळखली जाणारी नवभारत साक्षरता योजना २०२२ साली सुरू झाली. पाच वर्षांसाठी तिला १०३७ कोटी ९० लाख रुपये मंजूर झाले, त्यात केंद्राचा वाटा ७०० कोटींचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात १५ वर्षांवरील निरक्षर २५ कोटी ७६ लाख होते, हे लक्षात घेतले तर ही रक्कम मोठी नाही. पण योजनेची मांडणी पूर्वीपेक्षा चांगली आहे. तिचे पाच भाग आहेत. पायाभूत वाचन, लेखन व अंकज्ञान हा पहिला. दुसरा भाग जीवनावश्यक कौशल्यांचा, त्यात पैशाचे व्यवहार, आरोग्य, कायद्याची माहिती आणि फोन-संगणकाचा वापर हे सारे येते. व्यवसाय कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हे उरलेले तीन भाग. वयाला खालची मर्यादा १५ वर्षांची आहे, वरची मर्यादा नाही.

यात परीक्षाही आहे. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रासह २३ राज्यांत ती झाली. वाचन ५०, लेखन ५० आणि गणित ५० असे १५० गुण. नातवंडे परीक्षा देतात ती आजीनेही द्यावी, यातला आनंद ज्याने पाहिला त्यालाच कळेल.

शिकवणारे मात्र पगारी नाहीत. योजना स्वयंसेवकांवर उभी आहे. निरक्षरांचा शोध घेण्याचे काम प्राथमिक शिक्षकांवर टाकले गेले तेव्हा २०२३ साली शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला, कारण शिकवण्याखेरीजची कितीतरी कामे त्यांच्या डोक्यावर आधीच होती. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. पण मग हे काम कोण करणार? ज्याच्या घरात निरक्षर माणूस आहे त्यानेच ते करायला हवे. आपल्या वाडीत कोणाला वाचता येत नाही याचा शोध घ्यायला परगावचे गुरुजी कशाला हवेत?

आता तारखांकडे लक्ष द्या. या योजनेची पाच वर्षे ३१ मार्च २०२७ रोजी पुरी होतात. आणि चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शंभर वर्षे २० मार्च २०२७ रोजी पुरी होतात. दोन्हींत अकराच दिवसांचे अंतर आहे.

साठीपुढच्यांना वगळले

फोन आणि संगणक शिकवण्याची सरकारी योजनाही झाली. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली मंजूर झाले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतून घरटी एकाला २० तासांचे शिक्षण द्यायचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी ते संपले तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोकांना शिकवल्याची नोंद झाली. पण या अभियानाची वयोमर्यादा होती १४ ते ६०. म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवले. घरटी एक म्हटल्यावर कॉलेजात जाणाऱ्या मुलाचेच नाव लागणार, आजीचे नव्हे. ज्याला आधीच येते त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि ज्याला गरज होती तो ओटीवर बसून राहिला.

आता गरज कोणाला जास्त आहे ते पाहू. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये वृद्धांच्या बँक खात्यात जमा होतात. निवृत्त सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दरवर्षी हयातीची नोंद करावी लागते आणि लष्करी निवृत्तिवेतन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून येते. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्या गिरणी कामगारांना घराच्या पात्रतेची कागदपत्रे २०२३ पासून संगणकावरून भरण्याची वेळ आली. २०२५ साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला, तेव्हा विधवा आणि परित्यक्ता भगिनींनी किती खेटे घातले ते आपण सर्वांनी पाहिले. सातबारा संगणकावर, पीक पाहणी फोनवर. साठीनंतर माणसाचा सरकारशी संबंध वाढतो आणि नेमक्या त्या वयात त्याचे शिक्षण थांबलेले असते.

याचा फायदा कोण घेतो? फॉर्म भरून देणारा दुकानदार घेतो, पैसे काढून देणारा मध्यस्थ घेतो. सगळेच तसे नसतात, प्रामाणिक माणसे आहेत आणि त्यांच्यामुळे कितीतरी म्हाताऱ्यांची सोय होते. पण "आजी, अंगठा नीट लागला नाही, परत ठेवा" असे कोणी दोनदा सांगितले, तर पैसे एकदा निघाले की दोनदा, हे आजीला समजणार कसे? पावती मागितली पाहिजे हे तिला कोणी सांगितलेच नाही. राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून अंगठा खरोखरच लागत नाही. खऱ्या अडचणीच्या आडोशाला खोटेपणाही लपतो.

दोन ठिकाणचे दाखले

म्हातारपणी शिकता येत नाही, ही समजूत चुकीची आहे, हे दाखवणारी उदाहरणे लांब नाहीत. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत येऊ लागल्या. वेळ दुपारची, कारण सकाळी घरकाम आणि शेत. आपल्याला पोथी वाचता येत नाही ही आज्यांची खंत होती, तिच्यातून ही शाळा निघाली. शिकण्याचे कारण त्यांचे स्वतःचे होते, म्हणून त्या टिकल्या.

दुसरा दाखला केरळचा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा या ग्रामपंचायतीने ठरवले की फोन वापरता येत नाही असा माणूस आपल्या गावात राहू द्यायचा नाही. २०२२ साली ती पंचायत तशी जाहीर झाली. रोजगार हमीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वर्ग घेतले. तीच रीत राज्याने उचलली, घरोघर शोध घेऊन २१ लाखांहून अधिक माणसांना शिकवले आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळ हे देशातले पहिले संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेली माणसेही होती. साठीची भिंत त्यांनी घातली नाही. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवकच होते.

वर्ग कुठे, केव्हा?

आपल्याला नवी इमारत नको आहे. बौद्धवाडीत विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे नेसून संध्याकाळी येतात, वाचणारा एक आणि ऐकणारे चाळीस. या चाळीसांतले निम्मे जरी पुढच्या वर्षी स्वतः एकेक पान वाचू लागले तर वर्षावासाचे पुण्य केवढे वाढेल! तीन महिने म्हणजे बारा-तेरा आठवडे. ग्रंथवाचनानंतर आठवड्यातून दोन दिवस एकेक तास काढला तरी पंचवीस तास होतात. सरकारने प्रमाणपत्रासाठी वीस तासच धरले होते.

लावणीचे दिवस सोडावेत, नाहीतर कोणी येणार नाही. डोळे तपासून चष्मे मिळतील अशी व्यवस्था आधी करावी. म्हातारपणी 'डोक्यात शिरत नाही' असे माणूस म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला दिसतच नसते. आंबेनळी आणि कशेडी घाटांच्या कुशीतल्या कित्येक वाड्यांत रेंज नीट येत नाही. तिथे रेंज लागत नाही ते आधी शिकवावे: आकडे, नंबर साठवणे, फोटो काढणे, आलेला संदेश वाचणे. साधा बटणांचा फोन असेल तरी शिकता येते. अशा फोनवरून पैसे पाठवण्याची सोयही २०२२ पासून झालेली आहे.

शिकवायचा क्रम असा असावा:

पहिले दोन आठवडे फोनची भीती घालवण्याचे. चार्जिंग, चालू-बंद, आवाज मोठा करणे, अक्षरे मोठी करणे. अक्षरे मोठी होतात हे कळल्यावर निम्मी तक्रार संपते. मग आकडे. आपल्या प्रौढांना पैशामुळे आकडे पुष्कळ येतात, अडते ते इंग्रजी आकड्यांवर. फोनच्या बटणांवरून ते शिकवावेत. लेक, जावई, सरपंच, दवाखाना यांचे नंबर प्रत्येकाने स्वतः साठवावेत.

पुढचे दोन आठवडे संकटकाळचे नंबर. ११२ पोलीस आणि सर्व मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १४५६७ ज्येष्ठ नागरिकांसाठी, १९३० पैशाच्या फसवणुकीसाठी, १५१०० मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी. हे पाच नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत.

त्यापुढे तीन-चार आठवडे अक्षरे. सुरुवात स्वतःच्या नावाने, मग वाडीचे नाव, मग एस.टी.ची पाटी, मग विहारातल्या तसबिरींखालची नावे. ज्याला लिहिता येत नाही त्याने फोनच्या माईकवर मराठीत बोलावे, समोर अक्षरे उमटतात. आपण बोललो तेच हे लिहिलेले आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर अक्षराची ओळख लवकर पटते. पूर्वीच्या पाटी-पेन्सिलीत ही सोय नव्हती.

उरलेले आठवडे पैशाचे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून याबद्दल जरा आग्रहाने लिहितो. जमा, नावे आणि शिल्लक हे तीन शब्द ज्याला कळले त्याला पासबुक कळले. बँकेचे संदेश बहुधा इंग्रजीत येतात. सगळे इंग्रजी शिकायची गरज नाही. क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे, हे दोन शब्द त्यांच्या अक्षरांवरून ओळखता आले म्हणजे झाले. यंत्रावर अंगठा ठेवण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि पैसे हातात पडल्यावर पावती घ्यायची, ही सवय वर्गात नाटक करून शिकवावी. एकाने प्रतिनिधी व्हायचे, एकीने आजी व्हायचे. हसत-खेळत शिकलेले विसरत नाही.

फसवणुकीपासून सावध

हा भाग प्रत्येक घराने मोठ्याने वाचावा. बँक कधीही फोनवर ओटीपी किंवा पिन विचारत नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. तेव्हा "तुम्हाला बक्षीस लागले, पिन टाका" असे कोणी म्हणाला की तो चोर समजावा. पोलिसांच्या गणवेशात फोनवर दिसून "तुम्हाला अटक केली आहे, खोलीतून बाहेर पडू नका, पैसे भरा" असे कोणी धमकावले तर फोन ठेवून द्यावा. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. आपली माणसे "पोरं काय म्हणतील" म्हणून लपवतात आणि वेळ निघून जातो. लगेच १९३० ला फोन करावा आणि बँकेत लेखी तक्रार द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान आपले, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून एकेक तास मोलाचा आहे.

पैशाचा व्यवहार फोनवरून करणाऱ्या सरकारी ॲपला ३० डिसेंबर २०१६ रोजी 'भीम' हे बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या नावाचे ॲप आहे त्यांच्याच लेकरांनी ते वापरायला घाबरावे, हे शोभत नाही.

पूर, दरड आणि कागद

आपल्या भागाला आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ ची रात्र महाड-पोलादपूर विसरणार नाही. तळियेवर दरड कोसळली, पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. माणसे गेली, घरे गेली. जी वाचली त्यांचे कागद गेले. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, पेन्शनचे हुकूम चिखलात गेले आणि मदत मिळवण्यासाठी पुन्हा कागदच दाखवावे लागले. डिजिलॉकर ही सरकारी सोय २०१५ पासून आहे. तिच्यात सरकारी खात्याकडून आलेले आधार किंवा रेशनकार्ड फोनवर दाखवले तर ते मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहे. पाण्याने ते भिजत नाही. मात्र पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात हेही आपण अनुभवले आहे, तेव्हा कागदाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवण्याची जुनी रीत सोडू नये. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' आणि आपत्तीचा इशारा देणारे 'सचेत' ही ॲप शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावीत.

घरातल्यांनी काय करावे

सर्वांत मोठी अडचण घरातच असते. आजीने फोन हातात घेतला की नातू म्हणतो, "दे इकडे, तुला नाही जमायचं." दोन सेकंदांत तो काम करून देतो आणि आजी पुन्हा कोरीच राहते. शिकवणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधावेत आणि तोंडाने सांगावे. दहा वेळा चुकले तरी अकराव्या वेळी सांगावे. हीच आजी त्याला चालायला शिकवताना किती वेळा वाकली होती!

सुनेने सासूला आणि मुलीने आईला शिकवावे. मुंबईला चाकरीवर असलेल्यांनी गावी पैसे पाठवताना दर महिन्याला एक संदेश मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून पाठवावा आणि फोनवर तोच आईकडून वाचून घ्यावा. विहारात येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी एकेक प्रौढ दत्तक घ्यावा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून जुने पण चालू फोन आणि चष्मे द्यावेत, मंडपाची एक कमान कमी झाली तरी चालेल. निवृत्त शिक्षक, लष्करातले निवृत्त बांधव आणि कचेरीत काम करणारे आपले कर्मचारी यांनी आठवड्याचा एक तास द्यावा. वर्गाची नोंद 'उल्लास' मध्ये करावी, म्हणजे परीक्षा होईल आणि प्रमाणपत्रही मिळेल.

वाचता आल्यावर काय वाचायचे, हेही ठरवून ठेवावे, नाहीतर पुन्हा गंज चढेल. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली कितीतरी खोटी वाक्ये फोनवर फिरतात. आपण ती नमस्काराच्या खुणेसह पुढे पाठवतो. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे सरकारने प्रसिद्ध केली आहेत, त्यांतले एक पान रोज फोनवर वाचले तर खरे काय आणि खोटे काय ते आपोआप कळू लागेल.

ठराव आणि पाऊल

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला होता, पण तळ्याचे पाणी ओंजळीत आले नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन पायऱ्या उतराव्या लागल्या आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल हाती यायला १७ मार्च १९३७ उजाडले. सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पाण्यामागोमाग अक्षर आले.

आजही कागदावर पुष्कळ आहे. पेन्शन आहे, योजना आहेत, तक्रारीचे नंबर आहेत. ते ओंजळीत यायचे तर वाचता आले पाहिजे. शताब्दीच्या दिवशी देशभरातून लाखो लोक महाडला येतील, क्रांतिस्तंभाला वंदन करतील. त्यांच्या स्वागताला कमानी उभारूच. पण महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांनी आणखी एक गोष्ट करावी. प्रत्येक वाडीने विहाराच्या नोंदवहीत निरक्षर प्रौढांची यादी लिहावी आणि त्या यादीतले जितके स्त्री-पुरुष वाचायला शिकतील त्यांनी तिच्यापुढे स्वतःच्या हाताने सही करावी. ही वही वाडीने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवावी. आपल्या वाडीची यादी करायला हा अंक वाचून झाल्यावर बसले तरी अर्ध्या तासात होते.

जय भीम!